वर्गाची मांडणी आणि न्याय

नीतीचा प्रश्न म्हटला म्हणजे मोठमोठे प्रसंग आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. सत्य बोलल्यानें मित्राचा घात होत असेल तर काय करावें, राजाची आज्ञा व धर्माची आज्ञा यांत विरोध आला तर कोणती मानावी, अशा प्रश्नांवर आपल्याकडे व परदेशांत ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. प्राथमिक शाळेच्या खोलींत कपाट कोणत्या उंचीवर असावें, खडूंचा डबा कोणी उचलावा, चिंचोके कोठें ठेवावे, या गोष्टींस मात्र कोणी नीतीचा प्रश्न म्हणत नाहीं. ज्या शिक्षकाच्या अंगीं टापटीप आहे तो त्या नीट करील, नसेल तो करणार नाहीं, एवढाच त्यांचा विचार होतो. आमचें मत याहून वेगळें आहे. वर्गांतील वस्तूंची, कामांची व वेळेची जी मांडणी शिक्षक करितो, तींत तो रोज न्याय किंवा अन्याय करीत असतो; आणि तो अशा सहासात वर्षांच्या माणसांवर करीत असतो, कीं ज्यांस कोठेंही दाद मागतां येत नाहीं. म्हणून त्या मांडणीचा विचार येथें योजिला आहे.

विचारास आधार असावा म्हणून आम्ही पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर हे दोन तालुके घेतों. मोरोपंतांमुळें (१७२९–१७९४) बारामतीचें नांव मराठी वाचकांस परिचित आहेच. परंतु आजच्या या मुलखाचें नशीब ठरविलें तें पाण्यानें. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला, तेव्हांपासून कालव्याखालचा बागाईत पट्टा आणि त्याच्या वरचा कोरडवाहू मुलूख असे एकाच तालुक्यांत दोन देश झाले. बागाइतांत ऊस आला, उसामागून कारखाने आले. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वरनगर हीं नांवें त्यांतूनच प्रसिद्धीस आलीं. कारखान्यांच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट आली, आणि तिचा आमच्या विषयाशीं निकट संबंध आहे. दिवाळी होते न होते तोंच बीड, अहिल्यानगर इत्यादि जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या या भागांत उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधींच घेतलेली उचल, आणि फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर उभारलेली कोपी, असा हा संसार चार-पांच महिने येथें असतो व शिमग्याच्या पुढेंमागें उठून जातो. त्या संसारांत मुलेंही असतात.

२००९ सालीं शिक्षणहक्काचा कायदा झाला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या शाळेंत, वयास योग्य अशा वर्गांत बसण्याचा हक्क त्यानें दिला. जन्माचा दाखला नाहीं म्हणून, किंवा वर्ष अर्धें सरलें म्हणून, मुलास परत पाठवितां येत नाहीं. म्हणजे दाराचा प्रश्न कायद्यानें सोडविला. परंतु दारांतून आंत आल्यावर मुलानें दप्तर कोठें अडकवावें, हात कोणत्या वस्तूस लावावा, कोणतें काम आपलें म्हणावें, हें कायदा सांगत नाहीं. तें शिक्षकाची मांडणी सांगते.

या भागांतील दोन वर्ग आम्हीं पाहिले. शाळांचीं नांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पहिल्यासारखे वर्ग सर्वत्र आहेत, आणि सुदैवानें दुसऱ्यासारखेही कांहीं आहेत. पहिल्या वर्गांत पाऊल टाकतांच मन प्रसन्न झालें. भिंतींवर रंगीत तक्ते, छतास टांगलेले कागदी पक्षी, आणि कांचेच्या कपाटांत मुलांचे ‘प्रकल्प’: पुठ्ठ्याचा किल्ला, चेंडूंची सूर्यमाला, चकचकीत वेष्टनाच्या वह्या. भिंतीलगत सत्तावीस खण होते आणि प्रत्येक खणावर एका मुलाचें नांव सुरेख अक्षरांत रंगविलेलें होतें. दाराशीं, सतरंजीच्या कडेस, तीन मुलें बसलीं होतीं. त्यांचीं दप्तरें त्यांच्या मांडीवरच होतीं. खण जूनमध्यें रंगविले गेले होते आणि हीं मुलें कार्तिकांत आलीं होतीं, त्यामुळें त्यांचें नांव कोठेंच नव्हतें. आम्हीं कपाटांतील किल्ला हातांत घेऊन पाहण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां कळलें कीं किल्ली दुसऱ्या खोलींत असते व ती पाहुणे आले म्हणजे काढतात. तेथील गुरुजी कठोर नव्हते, हें सांगितलें पाहिजे. ते त्या तीन मुलांशीं गोड बोलत होते आणि दुपारच्या जेवणाच्या वेळीं त्यांस आग्रहानें वाढीत होते.

दुसरा वर्ग आम्हीं दसऱ्याच्या आधीं पाहिला होता. खोली एक, बाई एक, आणि पहिली-दुसरीचीं मुलें एकत्र. तिसरी-चौथी शेजारच्या खोलींत. भिंतींचा रंग उडालेला. तेलाचे रिकामे डबे कापून, त्यांच्या कडा दुमडून खण केले होते. त्यांत चिंचोके, खडे, आगपेटीच्या काड्या, सुतळी, जुनीं लग्नपत्रिकांचीं कागदें होतीं. ज्यास अद्याप वाचतां येत नाहीं त्यासही कळावें म्हणून प्रत्येक डब्यावर आंतील वस्तूचें चित्र काढलेलें होतें, आणि सर्व डबे मुलांच्या हातास येतील एवढ्याच उंचीवर होते. एका फळीवर वर्गाचीं कामें मांडलीं होतीं: झाडांस पाणी घालणें, पाट्या वांटणें, पुस्तकें मोजून ठेवणें, आजचा वारा व ऊन लिहिणें. प्रत्येक कामाखालीं खिळा, आणि खिळ्यास मुलाच्या नांवाचा पुठ्ठा. दर सोमवारीं पुठ्ठे पुढें सरकत. भिंतीवर एकोणीस खिळ्यांस दप्तरें होतीं व सहा खिळे मोकळे होते. सहा मुलें आलीं नसावींत असें समजून आम्हीं विचारिलें, तेव्हां बाई म्हणाल्या, “नाहीं हो, तीं यायचीं आहेत अजून. कारखाना सुरू झाला कीं लागतात ते खिळे.”

या दोन वर्गांतील भेद टापटिपीचा नाहीं. टापटीप पहिल्या वर्गांतच अधिक होती. भेद दया व न्याय यांतील आहे. पहिल्या वर्गांत जें कांहीं त्या तीन मुलांस मिळत होतें तें गुरुजींच्या चांगुलपणामुळें मिळत होतें. गुरुजी आजारी पडले, रागावले, किंवा त्यांची बदली झाली, तर तें मिळणें बंद होईल. दुसऱ्या वर्गांत येणाऱ्या मुलाचें स्थान कोणाच्या प्रसन्नतेवर अवलंबून नव्हतें. तें मूल गांवांत पाऊल ठेवण्याच्या आधींच भिंतींत ठोकलें गेलें होतें. ज्याचें स्थान आधीं योजिलेलें आहे तो घरचा, आणि ज्यासाठीं आयत्या वेळीं सरकून जागा करावी लागते तो आश्रित. हा फरक मोठ्या माणसास शब्दांत सांगावा लागतो. मुलास तो दप्तर मांडीवर धरतांच कळतो.

आतां ‘प्रकल्प’ या गोष्टीकडे वळूं. मुलांकडून प्रत्यक्ष काम करवून शिकविण्याची कल्पना आज परदेशी पाहुण्यासारखी मिरविली जाते, पण तिचीं मुळें अनेक ठिकाणीं आहेत. शिकागो येथें जॉन ड्यूई यांनीं १८९६ सालीं आपली प्रयोगशाळा काढिली व तींत स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम हींच शिक्षणाचीं दारें केलीं. त्यांचे अनुयायी किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला. मुलानें मनापासून हेतु धरावा, बेत करावा, तो तडीस न्यावा आणि शेवटीं आपण काय केलें तें स्वतःच पारखावें, हें त्यांच्या विवेचनाचें सार. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं सर्व शिक्षण गुंफण्याची योजना मांडिली. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालवाडीचें काम सुरू केलें, अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि महाग युरोपीय साधनांऐवजीं गांवांत मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिक्षणाचीं साधनें तयार करण्याचा मार्ग या दोघींनीं दाखविला. वर्गांतील मोठ्या मुलांनीं लहानांस शिकवावें ही युक्ति तर आपल्या पंतोजींच्या ओसरीवरचीच. अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकानें मद्रासेंत देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं, तेथील अनाथगृहांत मुलांकडूनच मुलांस शिकविण्याचा प्रयोग केला, आणि १७९७ सालीं त्याचा वृत्तांत लंडनमध्यें छापला. ज्यास आज ‘बहुवर्ग अध्यापन’ असें भारदस्त नांव मिळालें आहे तें या देशास नवें नाहीं.

एवढ्या चांगल्या कुळांत जन्मलेल्या प्रकल्पाची आज काय दशा झाली आहे? शिक्षक विषय सांगतात, वडील दुकानांतून चित्रांचे छापील कागद आणितात, आई तीं रात्रीं कापून चिकटविते, थोरली बहीण मथळे रंगविते, आणि मूल त्यावर आपलें नांव घालतें. या सर्वांत मुलानें खरोखर शिकलेली गोष्ट एकच: दुसऱ्याच्या कामावर आपलें नांव घालण्यास कोणी हरकत घेत नाहीं, उलट शाबासकी देतात. खोटें बोलूं नये हा पाठ त्याच वर्गांत त्याच आठवड्यांत शिकविला जातो. पण पाठापेक्षां व्यवहार अधिक शिकवितो. शिवाय ज्याचे आईबाप पहाटे अंधारांत फडावर गेले व रात्रीं गाडीबरोबर कारखान्यावर थांबले, त्याचा प्रकल्प कोणी करावयाचा? म्हणजे घरीं करावयाचा प्रकल्प एका मुलास असत्य शिकवितो आणि दुसऱ्यास त्याची गरिबी. म्हणून आमचा पहिला नियम असा, कीं प्रकल्प शाळेंतच सुरू व्हावा, शाळेंतच संपावा, आणि वेडावांकडा झाला तरी तो मुलाच्याच हातचा असावा.

या मुलखांत प्रकल्पासाठीं विषय शोधावयास दूर जाणें नको. कालव्याचें पाणी किती दिवसांच्या पाळीनें येतें, तें मुलांनीं भिंतीवरील दिनदर्शिकेंत खूण करून पाहावें. शाळेजवळच्या विहिरींत दोरीस गांठी मारून दर पंधरवड्यास पाणी मोजावें. भिगवण व कुंभारगांव या बाजूस उजनीच्या जलाशयावर हिंवाळ्यांत रोहित पक्षी येतात. ते प्रथम कोणत्या दिवशीं दिसले, कोणत्या पाण्यांत उभे असतात, यांची नोंदवही एका वर्गानें दुसऱ्याच्या हातीं द्यावी. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या त्या धरणानें पळसदेवचें जुनें देऊळ पाण्यांत घेतलें. पाणी उतरलें म्हणजे तें उघडें पडतें. त्याचा कोणता भाग कधीं दिसूं लागला, एवढें टिपलें तरी इतिहास, भूगोल व गणित तिन्ही एका पानावर येतात. आठवड्याच्या बाजारांतील भाव, गांवांतील झाडें, दारापुढें उभी असलेली उसाची गाडी, हीं सर्व पुस्तकें उघडींच आहेत.

उसाच्या गाडीशीं आम्ही जरा थांबतों. एका मोळींत ऊस किती, गाडींत मोळ्या किती, वजनकांट्यावर भार किती भरतो, हें वर्गांतील बागाइतदाराच्या मुलास ठाऊक नसतें. कोपीवरून आलेल्या मुलास तें तोंडपाठ असतें. वर्गाचें काम ‘मोजमाप’ असेल त्या दिवशीं तेंच मूल सर्वांचें गुरु होतें. त्याच्या बोलींतील शब्द व बारामतीकडचे शब्द शेजारीं शेजारीं लिहिले तर दोघांचीही भाषा वाढते. परंतु येथें एक धोका आहे. त्या मुलास उभें करून “तुमची कोपी कशी असते, तुम्ही जेवतां काय, उचल किती घेतली, सांग” असें विचारणें हा प्रकल्प नव्हे; तें त्याच्या दारिद्र्याचें प्रदर्शन होय. त्याचें ज्ञान वर्गानें मागावें, त्याचें घर मागूं नये. तें सांगावें कीं न सांगावें, हा अधिकार मूल सात वर्षांचें असलें तरी त्याचाच आहे.

मुलांचे गट कसे पाडावे, हाही असाच नीतीचा प्रश्न आहे, आणि त्यावर इंदापूरचा इतिहास कांहीं सांगूं शकतो. इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रिंगल यांनीं ठरविलेला सारा इतका जड झाला, कीं इंदापुरांत पुष्कळ जमीन ओसाड पडली व कुणबी गांवें सोडून गेले. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व त्यांच्या बरोबर विंगेट यांनीं येथें नव्यानें काम आरंभिलें. जमीन पाहून तिची प्रत ठरवावयाची आणि झेपेल एवढाच सारा बसवावयाचा, ही पद्धति १८३६ सालीं प्रथम इंदापुरांत तीस वर्षांच्या कराराने लागू झाली व पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र गेली. तींतील अर्धा धडा शिक्षकानें अवश्य घ्यावा: आधीं जमीन पाहा, मग सारा ठरवा. कार्तिकांत आलेल्या मुलास वाचतां किती येतें, मोजतां किती येतें, हें शेजारीं बसून पाहिल्याखेरीज त्याजवर तिसरीचें पुस्तक लादणें हा प्रिंगलचा सारा होय. आणि त्याचें फळही तेंच, मूल वर्ग सोडून फडाकडे जातें. उरलेला अर्धा धडा मात्र शिक्षकानें घेऊं नये. जमिनीची प्रत तीस वर्षें टिकते. मुलाची तीन महिनेही टिकत नाहीं. म्हणून गटाचें नांव खडूनें लिहावें, रंगानें लिहूं नये. ज्या वर्गांत ‘हुशार’ व ‘मंद’ हे गट जूनमध्यें ठरले व मार्चमध्यें तेच राहिले, त्या वर्गांत शिक्षकानें मुलांस तपासलें खरें, पण शिकविलें नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला शिक्षकांचा. ते म्हणतील, “आमच्यावर आधींच माहितीचे तक्ते, पोषण आहाराचे हिशेब, सर्वेक्षणें, निवडणुकीचीं कामें यांचें ओझें आहे; त्यांत हा नवा धर्म कोठें घालतां?” ही तक्रार खरी आहे. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस कायदाच दोन शिक्षक देतो; म्हणजे एका खोलींत दोनतीन इयत्ता हा अपघात नसून नियम आहे. परंतु ज्या मांडणीविषयीं आम्ही बोलत आहों ती ओझें वाढवीत नाहीं, वांटते. वस्तु मुलाच्या हातास येत असेल तर बाईस उठावें लागत नाहीं. काम फळीवर लिहिलेलें असेल तर तें रोज सांगावें लागत नाहीं. कुलुपबंद कपाट हेंच शिक्षकाच्या वेळेवर मोठी पट्टी बसवितें. वस्तु हरवतील, फुटतील, हें आम्हांस मान्य आहे. चिंचोके हरवणारच. पण ज्या वस्तु कधींच हरवत नाहींत त्या बहुधा कोणी वापरीतही नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. चार महिन्यांच्या पाहुण्यासाठीं वर्षभर बसणाऱ्या सत्तावीस मुलांची घडी कां विस्कटावी? वर्षभर चालणारा एखादा सुंदर प्रकल्प मध्येंच तोडला तर त्यांचेंही नुकसान नाहीं काय? आहे, तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. न्याय फुकट मिळतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें नुकसान कमी करितां येतें. प्रकल्पाचे तुकडे असे पाडावे, कीं प्रत्येक तुकडा स्वतः पुरा असावा. शाळेच्या वाफ्यांत ज्वारी पेरली तर तिच्या कणसांपर्यंत थांबणें त्या मुलांच्या नशिबीं असेलच असें नाहीं. मेथी पेरली तर महिन्याभरांत भाजी हातीं येते, आणि ज्यानें बी टाकलें तोच ती खुडतो. पक्ष्यांची नोंदवही वर्षाची असावी, पण प्रत्येक मुलाचें पान त्याचें असावें. आणि मूल जावयास निघालें म्हणजे त्याचीं चित्रें, त्याचें लिखाण, तें कोठवर आलें याची शिक्षकानें लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी, हें सर्व एका पिशवींत घालून त्याच्या हातीं द्यावें. आपल्या राज्यांत स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीं शिक्षण हमी पत्रक काढण्यांत आलें आहे. तें मूल शाळेंत होतें एवढें सांगेल. तें काय करीत होतें, हें ही पिशवी सांगेल. ती नसेल तर पुढच्या गांवीं त्यास पुन्हा ‘अ’ पासून आरंभ करावा लागतो, आणि असे तीन आरंभ झाले म्हणजे चौथा होत नाहीं.

आणखी एक गोष्ट सत्तावीस मुलांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. तीं नुसतीं गमावीत नाहींत. आपल्या वडिलांच्या रानांतील ऊस कोणाच्या हातानें तुटतो, हें त्यांस त्या हाताशेजारीं बसल्यानें कळतें. एका डब्यांतील चिंचोके दोघांनीं मोजले, एका वाफ्यास दोघांनीं पाणी घातलें, तर पुढें मोठेपणीं एक बागाइतदार व दुसरा मजूर झाला तरी त्यांच्यामध्यें एक व्यवहार आधींच होऊन गेलेला असतो, आणि तो उचलीचा नसतो. याहून मोठा नागरिकशास्त्राचा धडा कोणत्या पुस्तकांत आहे, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

असो. शाळा पाहावयास जाणाऱ्या अधिकाऱ्यांस, पालकांस व आमच्यासारख्या पाहुण्यांस आमची एवढीच सूचना आहे. भिंतीवरील तक्ते किती सुंदर आहेत, हें पाहूं नये. आंत गेल्यावर वर्गांत सर्वांत शेवटीं आलेलें मूल कोणतें, तें विचारावें, आणि त्याचें दप्तर कोठें आहे तें पाहावें. तें मांडीवर असेल तर बाकी सर्व कितीही नीटनेटकें असलें तरी मांडणी चुकली आहे.

त्या दुसऱ्या शाळेंत आम्हीं चैत्रांत पुन्हा गेलों. टोळ्या गेल्या होत्या. सहा खिळे पुन्हा मोकळे झाले होते. वर्गास रंग देण्याचें चाललें होतें, आणि रंगारी ते खिळे उपटूं लागला होता. बाईंनीं त्यास थांबविलें व खिळ्यांभोंवतीं रंग द्यावयास सांगितलें.